पेनिसिलीन जुन्या भित्तिकेला धक्का लावत नाही, तर जिवाणू फुटतो कशामुळे?

प्रश्न:
पेनिसिलीन जिवाणूची पेशीभित्तिका तयार होण्याच्या कामात अडथळा आणते, असे आपण शिकतो. तसे असेल, तर आधी बांधून झालेली भित्तिका शाबूत राहून जिवाणूची केवळ वाढ थांबायला हवी. प्रत्यक्षात वाढणारे जिवाणू फुटून मरतात आणि न वाढणारे बहुधा वाचतात. असे का व्हावे? शिवाय मूळ पेनिसिलीनचा, म्हणजे पेनिसिलीन-जीचा, ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूवर फारसा प्रभाव पडत नाही, त्याला भित्तिकेची जाडी कारणीभूत आहे का?

उत्तर 1:
वाढत्या पेशीची भित्तिका ‘बांधून झालेली’ कधीच नसते. एन-ॲसिटिल ग्लुकोसमाइन आणि एन-ॲसिटिल म्युरामिक आम्ल या शर्करांच्या लांब साखळ्या लहान पेप्टाइडांनी एकमेकींना जोडल्या जाऊन पेप्टिडोग्लायकनचे सलग जाळे पेशीभोवती तयार होते. त्यात नवा धागा घालायचा, तर जिवाणूला स्वतःच्याच विकरांनी जुने बंध तोडावे लागतात. नवे बंध जोडणारे विकर पेप्टाइडाच्या टोकाशी असलेली डी-ॲलानिन या अमिनो आम्लाची जोडी ओळखते. पेनिसिलीनची रचना या जोडीसारखी असल्याने विकर त्यालाच धरते आणि निकामी होऊन बसते. तोडणे चालू आणि जोडणे बंद, अशी अवस्था येते. आतला दाब ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे जाड भित्तिकेच्या, जिवाणूंत 20 वातावरणांच्या आसपास असू शकतो. तो कमकुवत झालेल्या जागी पेशी फोडतो. वाढ थांबलेल्या पेशीत तोडणेही मंदावलेले असते, म्हणून ती वाचते.

उत्तर 2:
वरील उत्तराला दोन प्रयोगांचा भक्कम आधार आहे. जोशुआ लेडरबर्ग यांनी 1956 मध्ये ई. कोलायला पेनिसिलीन दिले, पण माध्यमात भरपूर सुक्रोज ठेवून बाहेरचा परासरण दाब वाढवला. तेव्हा जिवाणू फुटले नाहीत, गोल होऊन जिवंत राहिले. दुसरा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. 1970 मध्ये अलेक्झांडर टोमाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की न्यूमोकोकस या जिवाणूमधील भित्तिका तोडणारी यंत्रणा दबलेली असेल, तर पेनिसिलीनमुळे त्याची वाढ थांबते, पण तो फुटत नाही. आपण तर्काने जे अपेक्षिले होते, नेमके तेच तेथे घडते.

उत्तर 3:
जाडीचा हिशेब उलटा आहे. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंचे पेप्टिडोग्लायकन साधारण 20 ते 80 नॅनोमीटर जाड असते, ई. कोलायचे मात्र काही नॅनोमीटरच. त्याचे संरक्षण करते ते त्यावरचे बाह्यपटल. त्यातील पोरिन प्रथिनांच्या छिद्रांतून पेनिसिलीन-जी सहज जात नाही. जास्तीचा अमिनो गट असलेले ॲम्पिसिलिन त्यामानाने चांगले जाते, आणि व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाचा रेणू तर त्यासाठी फारच मोठा आहे. त्यातही जे पेनिसिलीन आत पोहोचते, त्याला दोन पटलांमधल्या जागेतील बीटा-लॅक्टमेज हे विकर निकामी करू शकते.

प्रश्नकर्ता:
सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. अश्रूंमधील लायसोझाइमही वाढत्या पेशींवरच अवलंबून असते का?

उत्तर 1:
नाही. लायसोझाइम साखळीतील दोन शर्करांमधला बंध स्वतः तोडते, त्यामुळे तयार भित्तिकाही त्याच्या तावडीतून सुटत नाही. जिवाणू त्या वेळी वाढत असलाच पाहिजे, अशी अट येथे नाही. ई. कोलायच्या बाबतीत मात्र त्यालाही आधी ते बाह्यपटल ओलांडावे लागते.