अनुभव धागा: सहावी ते आठवीच्या विज्ञानाची तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा कशी घेता?

निळा लिटमस
सातवीच्या एका वहीत आज पेन्सिलीनं लिहिलेलं ९८.५ खोडून त्यावर पेनानं १०० केलेलं दिसलं. पाण्याचा उत्कलनांक. खोडरबरानं कागद झिजलाय, पण खालचा आकडा अजून वाचता येतो. ते पाहून जुनं सगळं वर आलं, म्हणून हा धागा.

लेकरानं बरोबर वाचलं होतं. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच आहे. दर ३०० मीटरला उत्कलनांक जवळपास १ अंशानं उतरतो, म्हणजे आपल्याकडे पाणी ९९ च्या आसपासच उकळणार. वरून शाळेतला थर्मामीटर अर्धा-एक अंश इकडेतिकडे दाखवतोच. उत्तरसूचीत १०० छापलं की खरं वाचणाऱ्याचा गुण जातो आणि पाठ करणाऱ्याला मिळतो.

उपाय सोपा आहे. परीक्षेआधी त्याच थर्मामीटरवर आपण स्वतः वाचन घ्यायचं आणि त्या आकड्याला एक अंश कमी-जास्त धरून गुण द्यायचे. थर्मामीटरचा फुगा पाण्यात पूर्ण बुडालेला हवा, पण भांड्याच्या तळाला टेकलेला नको. टेकला की आकडा चढतो. डोळा पाऱ्याच्या टोकाच्या रेषेत. आणि निरीक्षणाचा १ गुण वेगळा, अनुमानाचा १ वेगळा.

तुमच्याकडे कोणता प्रयोग परीक्षेत फसतो, काहून फसतो, काय करता ते लिहा. घाईत लिहिलं तरी चालेल.

तर्री
स्टार्च ओळखायचं आयोडीन. दरवर्षी आयोडीनच.

प्लास्टिकच्या ड्रॉपर बाटलीत ठेवलं की दोन-तीन महिन्यांत फिकट पडतं. तपकिरी काचेची बाटली, घट्ट बूच, अंधारं कपाट. नवीन करायचं तर आधी २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवा, त्यात १ ग्रॅम आयोडीन घाला, मग पाणी घालून १०० मिली करा. उलट क्रमानं केलं तर आयोडीन तळाशी बसून राहतं, नुसत्या पाण्यात ते विरघळतच नाही म्हणा. वापरताना अजून पातळ करा, कोऱ्या चहाच्या फिक्या रंगावर आणा. घट्ट द्रावणानं सगळंच काळं दिसतं आणि मग काकडीतही स्टार्च सापडतो.

हिशोब: ६० मुलं, प्रत्येकी ३ थेंब, म्हणजे १८० थेंब. २० थेंबांचा साधारण १ मिली. १० मिलीत वर्ग निघतो.

सामान्य विज्ञान ७ब
तर्री सर, एक भर. बटाटा किंवा भात गरम असताना आयोडीन टाकलं तर निळा रंग येत नाही, थंड झाल्यावर येतो. डब्यातला ऊन भात परीक्षेला ठेवला की अर्ध्या वर्गाचं निरीक्षण "रंग बदलला नाही" येतं, आणि ते खरं असतं! त्यामुळे नमुना पूर्ण निवलेला ठेवा. किंवा मुद्दाम दोन्ही ठेवा आणि आठवीला विचारा की फरक कशाचा.

आठवीची आई
मी शिक्षिका नाही, चालेल ना इथे लिहिलेलं? घरी आयोडीन कुठून आणायचं?

तर्री
चालेल ना ताई. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन घ्या, नाहीतर जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन घरात असेलच. एका चमचा पाण्यात ४-५ थेंब. त्यानंही काळानिळा रंग येतो. कपड्यांवर डाग पडतो, जुना शर्ट घाला म्हणावं.

पऱ्हाटी
पानातला स्टार्च हा परीक्षेत मुलांच्या हाती द्यायचा प्रयोग नाही. स्पिरिट आहे. शिक्षकांनी करायचा, मुलांनी पाहून लिहायचं.

क्रम: पान दुपारी तोडा, सकाळी ८ ला तोडलेल्या पानात रात्रीतून स्टार्च कमी झालेला असतो. उकळत्या पाण्यात २ मिनिटं. मग गॅस/दिवा बंद. परीक्षानळीत स्पिरिट, त्यात पान, आणि ती नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात उभी. स्पिरिट ७८ अंशालाच उकळतं, म्हणून गरम पाणी पुरतं, ज्योत जवळ नको. पान पांढुरकं झालं की कडक होतं, तसंच उलगडायला गेलं की तुटतं. कोमट पाण्यात बुडवून मऊ करा, मग बशीत पसरून आयोडीन.

उजेडातलं आणि अंधारातलं पान शेजारी दाखवायचं तर अंधारातलं झाड दोन दिवस आधी झाकायचं. एका रात्रीवर भागवलं की दोन्ही पानं काळी, आणि तिथून सगळं अनुमान गडबडतं.

मनीप्लांटचं पांढरे पट्टे असलेलं पान सगळ्यात छान. हिरवा भाग काळा, पांढरा भाग पिवळट. मूल स्वतः रेघ ओढून दाखवतं.

गांधीसागर
४२ अंशांत हे सगळं वाचूनच घाम फुटला 🙏 सकाळच्या सत्रात उरकता येतं का कुणाला? नोंदी ऑनलाइन भरण्यातच जीव जातोय.

सामान्य विज्ञान ७ब
गांधीसागर मॅडम, सगळ्यांचं तेच आहे. पण ते एका दिवसात नका घेऊ. पाचवी-सहावीला आकारिक (वर्षभर वर्गात होणारं मूल्यमापन) ५०, संकलित (सत्राच्या शेवटची परीक्षा) ५०, सातवी-आठवीला ४० आणि ६०. आकारिकमधलं प्रयोगाचं साधन रोजच्या तासाला ५-५ मुलं करून भरता येतं. एकदम ६० घ्यायची वेळ आली तर टेबलं लावा: १० टेबलं, प्रत्येकी २ मिनिटं, १० मुलांची तुकडी. एक तुकडी २० मिनिटं, आवराआवर ५. सहा तुकड्या म्हणजे अडीच तास. सातला सुरू केलं तर साडेनऊला मोकळे.

टेबलावर लिखाण कमी, बघायचं जास्त. आणि ७ वं टेबल नेहमी "विश्रांती" ठेवते मी, मागे राहिलेलं तिथे लिहून काढतात.

गांधीसागर
विश्रांतीचं टेबल! हे उचललं. धन्यवाद हो मॅडम.

खसचा पडदा
पंखे बंद करा हे कुणी लिहिलंच नाही. लंबक, मेणबत्ती, तराजू, लोखंडाचा कीस, सगळ्याला पंख्याचा आणि कूलरचा त्रास.

लंबक: दोऱ्याची लांबी लटकवलेल्या जागेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत. १०० सेंमीला एक आंदोलन साधारण २ सेकंद, २५ सेंमीला १ सेकंद. म्हणजे २५ सेंमीवर २० आंदोलनं २० सेकंदांत व्हायला हवीत. मुलाचं उत्तर १९ आलं तर दोऱ्याला दोष देऊ नका, त्यानं सोडताना "एक" म्हटलंय. सोडताना "शून्य" म्हणायचं, परत त्याच बाजूला आलं की "एक". ही एक चूक शोधायला २ मिनिटं पुरतात आणि त्यावरून मोजणी समजली की नाही ते कळतं.

निळा लिटमस
नेमकं हेच हवं होतं, खस भाऊ. आकडा चुकला यापेक्षा कुठे चुकला ते दिसणं.

संत्र्याची साल
कांद्याचा पापुद्रा.

खवल्याच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूचा घ्या. नखाएवढाच तुकडा. लगेच पाण्यात, नाहीतर आपल्या उन्हाळ्यात मिनिटभरात वाळून गुंडाळी होते. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा, सॅफ्रॅनिनचा (पेशींना लाल रंग देणारं द्रावण) १ थेंब, अर्धं मिनिट, जास्तीचा रंग टिपकागदानं टिपा, ग्लिसरीन १ थेंब. आच्छादन काच एका कडेनं टेकवून सुईच्या आधारानं हळू खाली सोडा. वरून टाकली की बुडबुडे.

आणि बुडबुडा हीच खरी परीक्षा. जाड काळ्या कडेचं गोल गरगरीत काहीतरी दिसतं आणि वर्गातली निम्मी मुलं त्यालाच पेशी म्हणून काढतात, कुणी त्याला केंद्रकही करतं. पेशी विटांसारख्या एकाला एक लागून असतात, केंद्रक एका कडेला सरकलेलं, रंग घेतलेलं. काचेवर सुईनं हलकं दाबलं की बुडबुडा सरकतो, पेशी सरकत नाही.

मी एका टेबलावर मुद्दाम बुडबुडेवाली काचपट्टी ठेवते. प्रश्न: "यातली पेशी कोणती, कशावरून?" "कशावरून" ला २ गुण.

आठवीची आई
मॅडम खूपच छान. आमच्याकडे तर चित्र पुस्तकातलंच काढून नेतात, सूक्ष्मदर्शकात पाहायच्या आधीच.

संत्र्याची साल
ते ओळखता येतं ताई. पुस्तकातल्या चित्रात सगळ्या पेशी सारख्या असतात. खरं पाहून काढलेल्यात एखादी वाकडी, एखादी अर्धी, कडेला घडी पडलेली असते. त्या घडीलाच मी गुण देते.

आरशाचं अजून एक. सूक्ष्मदर्शक खिडकीपाशी ठेवा पण आरशात थेट ऊन घेऊ नका, डोळ्याला इजा होते. उत्तरेकडची खिडकी किंवा ट्यूबलाइट.

पानठेला
नावावरून कळलंच असेल, मी चुन्याच्या निवळीवर 😊

एक चहाचा चमचा साधा चुना (सुगंधी नको), १ लिटर थंड पाणी, जोरात हलवा, बूच लावून रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी न हलवता दुसऱ्या बाटलीत ओता, फिल्टर पेपरमधून गाळलं तर उत्तम. चुना गरम पाण्यात कमी विरघळतो, त्यामुळे कोमट पाण्यानं निवळी दुबळी होते. बाटली काठोकाठ भरा. अर्धी बाटली उघडीमिटी करत राहिलं की वर पांढरी साय धरते. हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४ टक्के, पण तेवढाही हळूहळू काम करतो.

परीक्षेला नळीत ५ मिली, स्ट्रॉनं हळू फुंकायचं, श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं निवळी दुधाळ होते. ओढायचं नाही, हे दोनदा सांगायचं. स्ट्रॉच्या वरच्या टोकाजवळ टाचणीनं भोक पाडून ठेवा, चुकून ओढलं तरी हवाच येते.

आता फसतं कुठे: हौशी मूल फुंकतच राहतं. दुधाळ झालेलं परत निवळतं. मग ते घाबरून "काहीच झालं नाही" लिहितं. झालेलं असतं! आधी कॅल्शियम कार्बोनेट, जास्त वायू गेल्यावर विरघळणारं बायकार्बोनेट. आठवीला हेच विचारा, सहावीला दुधाळ झालं की थांबवा.

तर्री
पानठेला भाऊ, टाचणीचं भोक लाख मोलाचं.

पऱ्हाटी
लिटमस राहिलं. साबणाचे हात! हात धुऊन आलेलं मूल ओल्या बोटांनी लाल लिटमस धरतं आणि बोटांच्या खुणा निळ्या उमटतात. चिमट्यानं धरा, पट्टीचं फक्त टोक बुडवा.

आणि हळदीच्या कागदाचा प्रश्न मला फार आवडतो. "हळदीच्या पिवळ्या कागदावर संत्र्याचा रस टाकला, रंग बदलला नाही. मग संत्र्याचा रस उदासीन आहे का?" हळद आम्लात बदलत नाही, आम्लारीतच लाल होते, म्हणजे हळदीवरून आम्ल आणि उदासीन वेगळं करता येत नाही. निळा लिटमस लावून पाहा असं जे मूल स्वतःहून म्हणतं त्याला पूर्ण गुण. संत्रं तर आपल्याकडे हवं तेवढं.

खसचा पडदा
याच धर्तीवर कूलरचा प्रश्न. "मे महिन्यात कूलर गारवा देतो, जुलैत तोच कूलर त्याच पाण्यावर चिकचिक करतो. कारण?" नागपूरच्या प्रत्येक मुलानं अनुभवलेलं आहे. "पावसाळ्यात पाणी गार नसतं", "मोटर हळू फिरते" अशी उत्तरं येतात. हवा आधीच दमट असली की बाष्पीभवन मंदावतं, आणि बाष्पीभवनच उष्णता शोषून घेत असतं. बहुपर्यायी करायचा तर चुकीचे पर्याय याच उत्तरांतून उचला, मनानं बनवू नका. मुलांच्या तोंडचा चुकीचा पर्याय असेल तरच प्रश्न काही तपासतो.

सामान्य विज्ञान ७ब
"उकळत्या पाण्यातले मोठे बुडबुडे कशाचे?" हा पण त्यातलाच. हवा, ऑक्सिजन, हायड्रोजन... वाफ म्हणणारे थोडे.

गांधीसागर
एनएमएमएसची (आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा) तयारी कुणी घेतं का? त्यातल्या शालेय क्षमता चाचणीत ९० पैकी ३५ विज्ञानाचे आहेत, आणि वेळ ९० मिनिटं. असे प्रश्न तिथे उपयोगी पडतील.

निळा लिटमस
मॅडम, त्यासाठी वेगळा धागा काढा ना, सगळे येतील. इथे विजेचं कुणी लिहा, बल्बचं टेबल नेहमी रखडतं.

खसचा पडदा
टॉर्चचे २.५ व्होल्टचे बल्ब मिळेनासे झालेत, बर्डीच्या (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा, नाही तर एलईडी. पण एलईडीला दिशा असते, लांब पाय धन टोकाकडे. आणि एका १.५ व्होल्टच्या सेलवर तो लागत नाही. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, म्हणून दोन सेल एकसरीत आणि सोबत १०० ओहमचा रोधक. हे टेबलावर लिहून ठेवलं नाही तर मूल बरोबर जोडणी करूनही "परिपथ अपूर्ण" लिहितं.

दोन तुकड्या झाल्या की सेल बदलून पाहा. कुणीतरी तारेनं सेलची दोन्ही टोकं थेट जोडतंच, तार गरम होते, सेल उतरतो आणि पुढच्या दहा जणांचा बल्ब मिणमिणतो. कागदावर चार आकृत्या देऊन "कोणता बल्ब लागेल" हे आधी लिहून घ्या, मग जोडायला द्या. आधी लिहिलेलं खोडू द्यायचं नाही, खाली दुसरं लिहायचं.

संत्र्याची साल
निळा लिटमस सर, त्या वहीतल्या ९८.५ चं काय केलंत?

निळा लिटमस
९८.५ ला गोल केला, १ गुण दिला. शेजारी लिहिलंय, "हे का खोडलंस?" उद्या तोंडीला तेवढंच विचारणार आहे.

आठवीची आई
पानठेला दादा, चुना रात्री भिजवला तर सकाळी ७ पर्यंत बसेल ना खाली?

पानठेला
बसतो ताई. बाटली ओट्यावरच ठेवा, फ्रिजच्या दारात नको, दार उघडलं की हलतं.