मॅट्रिक्सची चवड झाली, आता पुढे काय?

ऐरोलीकर: ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्या तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, मांडला. आडवं चढायचं स्टेशन, उभं उतरायचं, चौकटीत माणसं. मग तासही घ्यावा म्हटलं, तर चोवीस कागदांची चवड झाली. हिला गुणाकार, डिटरमिनंट (चौकोनी मॅट्रिक्समधून निघणारी एक संख्या) वगैरे असतं का हो?

रबाळेचा मास्तर: असतं, पण सरळ नाही. तासांना वजनं द्या: आठ ते दहाच्या दोन कागदांना १, बाकीच्यांना ०. बेरीज केली की साधी मॅट्रिक्स हातात. हाच गुणाकार, चवड गुणिले व्हेक्टर, म्हणजे ती वजनांची यादी. चढणं, उतरणं, तास या तीनपैकी कुठल्याही दिशेने करता येतो, म्हणून ‘कुठून?’ हे आधी सांगावं लागतं.
चवडीचा डिटरमिनंट आर्थर केली या गणितज्ञाने १८४५ मध्येच शोधला, त्याला म्हणतात हायपरडिटरमिनंट. २×२×२ साठी, म्हणजे २×२ च्या दोन कागदांसाठी, त्यात बारा पदं, प्रत्येक चौथ्या घाताचं. मी एकदा हाताने मांडायला बसलो, चहा गार झाला आणि चिन्ह चुकलं ते चुकलंच.

घणसोली_०७: खरी गंमत रँकमध्ये! रँक म्हणजे नुसत्या याद्यांच्या गुणाकाराने बनलेले कमीत कमी किती तुकडे बेरजेला लागतात तो आकडा. २×२ ची रँक २ च्या वर जात नाही. २×२×२ ची वास्तव संख्यांत ३ होऊ शकते. हायपरडिटरमिनंट ऋण आला की ३च.

ऐरोलीकर: म्हणजे चिन्ह चुकलं की रँकच चुकणार? मास्तर, तुमचा तो कागद टाका ना इथे. तुर्भ्यापर्यंत शोधतो चूक.