पेंचच्या पर्यटकांना नेमके काय विचारावे? प्रश्नावलीबाबत सल्ला हवा

वैदर्भीय_भूगोल, नागपूर

नमस्कार. मी नागपुरातील एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला भूगोल शिकवते. मागच्या हंगामात आमच्या विद्यार्थ्यांनी पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्राकडील भागात, सिल्लारी आणि खुर्सापार या दोन गेटांवर थांबून सफारीहून परतणाऱ्या पर्यटकांकडून बावीस प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. परवानगी रीतसर काढली होती, मुलांनी मेहनतही मनापासून केली होती. मात्र हाती आलेली उत्तरे पाहून माझा हिरमोड झाला, कारण जवळजवळ प्रत्येकाने ‘अत्यंत समाधानी’ या चौकटीत खूण केली होती आणि सूचनांच्या जागी बहुतेकांनी ‘वाघ दिसायला हवा होता’ एवढेच लिहिले होते.

हा अहवाल आम्ही एका वनाधिकाऱ्यांसमोर मांडला. त्यांनी सगळे तक्ते शांतपणे पाहिले आणि विचारले, “मॅडम, हे वाचून मी उद्या सकाळी काय बदलू?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

यंदा हे सर्वेक्षण पुन्हा करायचे आहे, आणि त्यातून गेटवरील सोयी, गाईडांचे प्रशिक्षण व पर्यटनाचे नियोजन यांना खरोखर उपयोग व्हावा अशी इच्छा आहे. प्रश्न कोणते असावेत, किती लोकांना विचारावे आणि कुठे विचारावे, याबद्दल ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नमुना_आणि_माणसे

मॅडम, सर्वेक्षणे करण्यातच माझी वीस वर्षे गेली आहेत, तेव्हा थोडे परखड लिहिले तर राग मानू नये. त्या अधिकाऱ्यांनी जो प्रश्न तुम्हाला शेवटी विचारला, तो तुम्ही त्यांना सुरुवातीला विचारायला हवा होता. प्रश्नावली लिहिण्याआधी एका कागदावर डावीकडे व्यवस्थापनाच्या हातात असलेले निर्णय लिहावेत आणि उजवीकडे, कोणते उत्तर आले तर तो निर्णय कोणत्या बाजूला झुकेल, ते लिहावे. ज्या प्रश्नासमोर डावीकडे काहीच लिहिता येत नाही तो प्रश्न कितीही रंजक वाटला तरी काढून टाकावा. बावीसपैकी सात-आठच उरतील, आणि ते चांगलेच आहे.

आता नमुन्याविषयी. विद्यार्थी बहुधा ३८४ हा आकडा घेऊन आले असतील. ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्क्यांची चूक धरली की सूत्रातून तोच आकडा निघतो. पण ते सूत्र प्रत्येक उत्तर दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असे गृहीत धरते. समजा तुम्ही सफारीच्या ६४ जिप्सी गाड्या थांबवल्या आणि प्रत्येकीतील सहाही जणांकडून अर्ज भरून घेतले. कागदावर ३८४ उत्तरे झाली. परंतु त्या सहा जणांनी एकच वाघ पाहिला किंवा एकच हुकवला, एकाच गाईडचे बोलणे ऐकले, एकाच खड्ड्यात आदळले, आणि बहुतेकदा ते एकाच घरचे असतात. त्यांच्या उत्तरांतील आपसांतले साम्य ०.५ धरले, तर एक अधिक पाच गुणिले ०.५, म्हणजे साडेतीन पटींनी नमुन्याचे बळ घटते आणि ३८४ अर्जांची किंमत जेमतेम ११० स्वतंत्र उत्तरांएवढी उरते. त्यापेक्षा एका जिप्सीतून एकालाच विचारावे. तो कोण, हे गाडीतल्यांना ठरवू देऊ नये, नाहीतर दरवेळी घरातला सर्वांत बोलका माणूसच पुढे येतो. ज्याचा वाढदिवस आजपासून सर्वांत जवळ आहे त्याला विचारावे, ही जुनी आणि चांगली युक्ती आहे.

ज्यांनी नकार दिला त्यांचीही नोंद ठेवावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने आयडाहो विद्यापीठाच्या मदतीने १९८२ मध्ये ग्रँड टेटन येथे प्रायोगिक अभ्यास करून पर्यटक-सर्वेक्षणांची जी मालिका सुरू केली, तिची पद्धत या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. प्रवेशद्वारावर ठरावीक अंतराने येणाऱ्या गटांना थांबवून दोन-चार मिनिटे बोलायचे, गटात किती जण आहेत आणि प्रश्नावली भरणारा किती वर्षांचा आहे एवढे टिपायचे, प्रश्नावली हातात द्यायची आणि ती घरी भरून टपालाने परत मागवायची. नंतर आभाराचे व आठवणीचे पत्र जायचे. ज्यांनी पाठवली आणि ज्यांनी नाही, त्यांची वये व गटांचे आकार ताडून पाहिल्यावर, मौन राहिलेले लोक वेगळ्या प्रकारचे होते का, याचा अंदाज घेता येत असे. आपल्याकडे टपालाने कोणी परत पाठवणार नाही हे मलाही कळते, पण उत्तर न देणाऱ्यांचा हिशेब ठेवण्याची शिस्त मात्र उचलावी.

आणखी एक, जरा गमतीचे. तुमची प्रश्नावली हिंदीतही होती का? असल्यास ‘समाधान’ शब्द तपासून घ्या. हिंदीत त्याचा अर्थ तोडगा असा होतो. एका जुन्या कामात “क्या आपका समाधान हुआ?” या प्रश्नावर एक गृहस्थ मला म्हणाले होते, “समस्या ही क्या थी?”

बांबूचे_बेट

मी वन विभागातून निवृत्त झालो आहे. वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु एका गोष्टीचा इशारा देणे मला आवश्यक वाटते.

पर्यटकांच्या गर्दीबाबत अमेरिकेत एक प्रसिद्ध प्रयोग झाला आहे. आर्चेस राष्ट्रीय उद्यानातील डेलिकेट आर्च या नैसर्गिक कमानीची, तिच्याभोवती कमी-अधिक माणसे दिसतील अशी चित्रे तयार करून पर्यटकांना दाखवण्यात आली आणि किती गर्दीपर्यंत त्यांना चालेल हे विचारण्यात आले. त्यातून एका वेळी सुमारे ३० माणसे हे प्रमाण पुढे आले. तुमच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग वाचनात सापडेल आणि वाघाभोवती पाच, दहा, पंधरा जिप्सी अशी चित्रे करून गेटवर दाखवण्याचा मोह होईल. तो आवरावा. कमान दगडाची आहे, तिला गर्दीचा त्रास होत नाही. वाघाच्या बाबतीत पर्यटकाला किती गाड्या चालतात यावरून वाघिणीला किती चालतात हे ठरत नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिचे बछडे यांना पर्यटकांच्या गाड्यांनी अडवून धरले. त्या प्रकाराची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांतील लोकांकडून त्याच संध्याकाळी तुमची प्रश्नावली भरून घेतली असती, तर माझ्या मते तीही ‘अत्यंत समाधानी’ अशीच भरली गेली असती.

किती गाड्या सोडायच्या हा पर्यटकाला विचारण्याचा प्रश्नच नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाभा क्षेत्राचा (जंगलाच्या सर्वांत संरक्षित भागाचा) जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनासाठी वापरता येतो, वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखावे लागते, आणि वाहनांची संख्या वहनक्षमतेचे, म्हणजे जंगलाला किती गाड्या सोसतील याचे, गणित मांडून ठरते. ते गणित रस्त्यांची लांबी, दोन गाड्यांमधील अंतर आणि उद्यान खुले राहण्याचे तास यांपासून सुरू होते, मग जमिनीची धूप, प्राण्यांना होणारा त्रास, बंद ठेवायचे मार्ग अशा कारणांसाठी आकडा खाली आणला जातो, आणि शेवटी उपलब्ध कर्मचाऱ्यांच्या प्रमाणात तो आणखी कमी होतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-व्ही खाली जो व्याघ्र संवर्धन आराखडा तयार होतो, त्यात पर्यटन हा एक भाग आहे; आराखडा पर्यटनासाठी नसतो.

मग पर्यटकाला काय विचारावे? जे त्याच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही ते. आरक्षण करताना कुठे अडले, गाईडने वाघाखेरीज काय सांगितले, नियम आधी कळले की गेटवर पोहोचल्यावर, चालकाला गाडी पुढे घ्यायला त्याने स्वतः सांगितले का. शेवटचा प्रश्न सरळ विचारला तर कोणी कबूल करणार नाही. ‘तुम्ही पाहिलेल्या गाड्यांपैकी एखाद्या गाडीतील पर्यटकांनी चालकावर दबाव आणला का?’ असे विचारले तर बरेच कळेल. आणि एक विद्यार्थी प्रश्नावलीशिवाय, फक्त वही घेऊन, परवानगीने एखाद्या पाणवठ्याजवळ गाडीत बसवावा. किती गाड्या आल्या, किती मिनिटे थांबल्या, प्राण्याने काय केले, एवढेच त्याने लिहावे. गेटवर विचारून यातले काही कळत नाही. उद्यानाच्या आत असा अभ्यास करायचा तर कायद्याच्या कलम २८ व ३५ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, तेव्हा अर्ज आत्ताच करावा.

सिल्लारी_गाईड

मॅडम, मागच्या वर्षी तुमचे विद्यार्थी आले तेव्हा मी तिथेच होतो. लिहिण्याची फारशी सवय नाही, तरी जे पाहिले ते सांगतो.

सकाळची फेरी संपवून जिप्सी गेटवर येते तेव्हा माणसे चार-साडेचार तास बसून आलेली असतात. तोंडाला बांधलेला रुमाल धुळीने लाल झालेला असतो, लहान मुलांना बाथरूमला जायचे असते, आणि चालकाला दुपारच्या फेरीआधी घरी जाऊन जेवायचे असते. अशा वेळी मुलांनी बॉनेटवर कागद ठेवून बावीस प्रश्न भरायला दिले. लोकांनी वरून खालपर्यंत एकाच रांगेत खुणा केल्या आणि ते निघून गेले. मी स्वतः पाहिले आहे.

दुसरी गोष्ट मला सांगायला थोडी अवघड वाटते. ‘गाईडचे वर्तन कसे होते’ हा प्रश्न भरताना गाईड शेजारीच उभा असतो, आणि बक्षिशीही त्याच वेळी दिली जाते. कोण वाईट लिहील? आम्ही गाईड आसपासच्या गावांतलेच आहोत, पर्यटकांनाही ते माहीत असते, त्यांना आमच्या पोटावर पाय द्यायचा नसतो. ही त्यांची माणुसकी झाली, पण त्यावरून आम्ही चांगले काम करतो की नाही हे कळत नाही. आम्हाला सुद्धा ते कळायला हवे आहे.

त्याऐवजी असे विचारा: ‘वाघ सोडून आज पाहिलेल्या दोन गोष्टी सांगा.’ आमच्याकडे कुलूचे झाड आहे, पांढरेशुभ्र, पाने गळल्यावर भुतासारखे दिसणारे. ज्याला गाईडने ते दाखवून त्याची गोष्ट सांगितली, तो माणूस ते विसरत नाही. ज्याची गाडी फक्त वाघाच्या मागे पळाली, त्याला चितळ आणि माकड यांच्यापुढे काही आठवत नाही. गाईडने काय काम केले ते तेवढ्यावरून समजेल.

आणि जे जंगलात आलेच नाहीत त्यांचे काय, असाही माझा प्रश्न आहे. नागपूरहून रविवारी कितीतरी कुटुंबे आरक्षण न करता येतात, जागा नसते, आणि ती गेटवरूनच परत जातात. त्यांना कोणी कागद देत नाही. पेंचला २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ हा दर्जा मिळाला, रात्रीचे आकाश स्वच्छ दिसावे म्हणून आमच्याकडच्या गावांतले दिवे बदलले गेले. परत जाणाऱ्या या लोकांना त्याविषयी सांगितले, तर ते रात्री थांबतील का? थांबले तर गावातल्या लोकांना काम मिळेल. असे प्रश्न विचारले तर ग्राम परिस्थितीकीय विकास समितीलाही उपयोग होईल.

वैदर्भीय_भूगोल

सर्वांचे मनापासून आभार. सिल्लारीच्या दादांचा प्रतिसाद तर मी वर्गात वाचून दाखवला. बॉनेटवर प्रश्नावली भरून घेणाऱ्यांपैकी दोघे तिथेच बसले होते.

डावीकडे-उजवीकडे असा कागद करून पाहिला. बावीसपैकी नऊ प्रश्न उरले. गाड्यांच्या संख्येचे दोन्ही प्रश्न काढले आहेत. ‘समाधान’ तर पूर्णच गेले. विद्यार्थ्यांचे तीन गट केले आहेत. पहिला गट एका जिप्सीतील एकाच पर्यटकाला, तोही गेटवर न थांबवता नाश्त्याच्या ठिकाणी भेटेल. दुसरा गट आरक्षणाविना परत जाणाऱ्यांशी बोलेल. तिसऱ्या गटाचे पाणवठ्यावरील निरीक्षण परवानगी मिळाल्यावरच सुरू होईल. गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असते, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबर, थंडी आणि एप्रिल-मे अशा तीन टप्प्यांत, प्रत्येक वेळी रविवार आणि मधला वार दोन्ही घेऊन काम करणार आहोत. उन्हाळ्यात पाण्यावर प्राणी दिसण्याची शक्यता वाढते, म्हणून ती उत्तरे हिवाळ्यातल्या उत्तरांत मिसळणार नाही.

एक शंका उरते. आठवडाभराने फोनवर एक-दोन प्रश्न विचारावेत असे वाटते, कारण वाघ दिसल्याचा किंवा न दिसल्याचा भर तोवर ओसरलेला असेल. पण त्यासाठी मोबाईल क्रमांक घ्यावा लागेल.

नमुना_आणि_माणसे

क्रमांक घ्यावा, परंतु वेगळ्या चिठ्ठीवर, लेखी संमतीने आणि कशासाठी घेतला हे सांगून. उत्तरांच्या कागदावर नाव अथवा क्रमांक नको. फोन झाल्यावर चिठ्ठ्या नष्ट कराव्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे. वाघ दिसला की नाही हे मात्र पहिल्याच दिवशी टिपून ठेवा. ते नसेल तर पुढची सगळी तुलना लंगडी पडेल.

सिल्लारी_गाईड

मॅडम, नाश्त्याच्या टपरीवाल्याला मी सांगून ठेवतो, तो कोपऱ्यातले एक टेबल देईल. पोहे येईपर्यंत लोकांना दहा मिनिटे मिळतात, नऊ प्रश्नांना तेवढी पुरतील. फक्त पेन जरा जास्त आणा. मागच्या वेळी निम्मे पर्यटकांच्या खिशातून गेले होते.