मदत हवी आहे: नवीनच घेतलेली सेकंडहँड गाडी गरम होतेय, खरंच हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं सील) गेलं असेल का?

नमस्कार मंडळी, नुकतीच एक सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतलीय, टेस्ट ड्राइव्हला मस्त चालली पण आता ट्रॅफिकमध्ये जरा वेळ उभी राहिली की टेम्परेचरचा काटा सरळ वर जातो आणि मोकळ्या रस्त्याला वेग घेतला की परत खाली येतो. काल तर बॉनेटमधून वाफच यायला लागली, लगेच बाजूला घेऊन बंद केली आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडलं (गरम असताना कोणीच उघडू नका, आत प्रेशर असतं, उकळतं पाणी अंगावर उडतं).

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बरंच कमी झालेलं पण खाली गळती कुठेच दिसत नाही. डिपस्टिक बघितली, ऑइल दुधाळ नाहीये, सायलेन्सरमधून पांढरा धूरही नाही, म्हणजे हेड गॅस्केट गेल्याची नेहमीची लक्षणं दिसत नाहीत. एसी लावला तरी रेडिएटर फॅन फिरत नाही, म्हणून मला फॅनची मोटर, रिले (फॅनला करंट देणारा स्विच) नाहीतर फ्यूजचा संशय येतोय. गॅरेजवाला मात्र बघितल्या बघितल्या म्हणाला हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल, प्रेशर टेस्टसुद्धा (कूलंटच्या सिस्टिमला दाब देऊन गळती शोधणं) न करता! हे मला अजिबात पटत नाहीये.

फॅन बंद असल्यामुळेच कूलंट उकळून झाकणातून बाहेर जात असेल का? आणि कूलंटमध्ये एक्झॉस्ट गॅस येतोय का (हेड गॅस्केट गेलं असेल तर येऊ शकतो) ही टेस्ट आधी करून घेऊ ना? विकणाऱ्याशी बोलायच्या आधी गॅरेजकडून लेखी रिपोर्ट घ्यावा का तेही सांगा. आईवडिलांना घेऊन बाहेर पडायची हिंमत होत नाहीये, प्लीज ज्यांना अनुभव आहे त्यांनी लवकर कळवा.