रेडिएटरमधलं पाणी गोठलं तर
भाऊ, मनालीत तुमच्या गाडीच्या रेडिएटरमधलं (इंजिन गार ठेवणाऱ्या जाळीतलं) पाणी गोठलं, काय करू, असं विचारलंय; त्यावर उकळतं पाणी ओतायचा सल्ला इथं कोणी दिलाय, तो ऐकू नका. गार धातूला तडा जाऊ शकतो. इंजिनही सुरू करू नका. इंजिनात पाणी फिरवणारा वॉटर पंप बर्फात अडकला असला तर त्याला फिरवणारा पट्टा तुटू शकतो. गाडी ढकलत आडोशाच्या उबदार जागी न्या, आपोआप वितळू द्या, मग खाली गळती पाहा.

खरी गोम घरचीच. आपल्या यवतमाळकडे उन्हाळ्यात गाडी तापली की बोअरचं पाणी ओततो अन् विसरतो. इकडं खपून जातं, पण पाणी ०° ला गोठून ९ टक्के फुगतं. ग्लायकॉलवालं (पाणी लवकर गोठू न देणारं) कूलंट अन् डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्मं असलं तर उणे ३५ पर्यंत चिंता नाही.