चेपलेला फ्रीज: दुकानदाराला सोडू नका
कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या ताईंचा नवा फ्रीज मागून चेपलेला आला आणि दुकानदार म्हणतोय, "आता कंपनीशी बोला." अजिबात ऐकू नका. पैसे त्यानं घेतलेत, पावती त्याची आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विक्रेत्यालाही जबाबदार धरता येतं. खोका, थर्माकोल टाकू नका. आमचं वॉशिंग मशीन आलं तेव्हा टेम्पोवाला सहीसाठी घाई करत होता. भावानं डिलिव्हरीच्या चलनावर 'डाव्या बाजूला पोचा' असं लिहूनच सही केली. पुढं तेच कामाला आलं.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरला फोन करून तक्रार नोंदवा. नाहीच जमलं तर कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. ऑनलाइन खरेदी असली तरी तक्रार आपण राहतो तिथंच करता येते.