अनुभव धागा: अडचणीच्या काळात तुमची सोसायटी कशी वागली?

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत वर्षानुवर्षं दोनच विषय गाजतात, पार्किंग आणि गळती. त्यावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले दोघे जण २०२१च्या एप्रिलमध्ये रात्री दोन वाजता एकच ऑक्सिजन सिलिंडर दोन बाजूंनी धरून जिना चढत होते. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. तुमच्याकडे काय झालं? वाईट अनुभवही लिहा, फक्त सोसायटीचं नाव नको.

कलिना, तळमजला

२६ जुलै २००५. संध्याकाळी पाणी उंबऱ्याला लागलं आणि तासाभरात कॉटवर आलं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे नंतर पेपरात वाचलं. तेव्हा दिसत होता तो फक्त आडवा होऊन तरंगणारा फ्रिज. सेक्रेटरीकाका टॉर्च घेऊन तळमजल्याची दारं वाजवत आले. "सामान राहू द्या, आधी वर चला!" दुसऱ्या मजल्यावरच्या ज्या घराशी आमचं कुंड्यांच्या पाण्यावरून बोलणं बंद होतं, त्यांच्याच हॉलमध्ये आम्ही अकरा जण झोपलो.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी. मीटर रूम आणि पंप दोन्ही खाली, दोन्ही पाण्यात. म्हणजे गच्चीवरच्या टाकीत असेल तेवढंच पाणी. काकांनी मेन व्हॉल्व्ह बंद केला आणि सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं पाणी सोडायला लागले. लोकांनी शिव्या घातल्या. टाकी चार दिवस पुरली. पुढच्या सभेत मीटर वर उचलायचा ठराव आला आणि कोणी हूं की चूं केलं नाही. आमच्या सोसायटीत असं पुन्हा घडलेलं नाही.

माजी खजिनदार

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या इमारतीत सहा जणांचे पगार थांबले. उपविधीनुसार थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता यायचं आणि बिलाचं सॉफ्टवेअर ते निमूट लावत बसायचं. सभा घेता येत नव्हती. कमिटीने सहा महिने व्याज धरायचं नाही असं ठरवलं आणि पुढे सभेची मंजुरी घेतली. मुद्दल मात्र सोडलं नाही. वॉचमनचा पगार, लिफ्टचं कंत्राट, पाण्याचं बिल त्यातूनच भागतं, हे समजावताना माझा घसा बसला. आणखी एक केलं, थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावरून उतरवली. त्यातल्या एकाने पुढे मला जिन्यात गाठून सांगितलं, "व्याजाचं ठीक आहे हो, पण यादी काढलीत ते बरं केलंत. मुलगी रोज तिथे उभी राहून वाचायची."

नर्स, पाचवा मजला

माझा अनुभव वाईट आहे. कोविड वॉर्डची रात्रपाळी करून आले तर गेटवर वॉचमनने अडवलं. "मॅडम, कमिटीची ऑर्डर आहे, लिफ्ट वापरायची नाही." बिचारा खाली मान घालून बोलत होता. कुठल्या सरकारी आदेशात असं लिहिलंय ते दाखवा म्हटलं, तर ग्रुपवर सगळे चिडीचूप. त्याच गेटपाशी २२ मार्चला थाळ्या वाजल्या होत्या! पुढे चेअरमनच्या आईचं ऑक्सिजन ९०च्या खाली गेलं तेव्हा पहिला फोन मलाच. गेले मी. माफी अजून यायची आहे.

पुणे

आमच्याकडे एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांची एक वही आहे. मुलांचे नंबर, रक्तगट, जादा किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे. पण कामाला आली ती दुधाची पिशवी. साडेनऊपर्यंत दाराला लटकलेलीच दिसली तर बेल वाजवायची, एवढंच वॉचमनला सांगून ठेवलंय. एक आजी बाथरूममध्ये पडल्या होत्या, त्या अशाच सापडल्या.

डोंबिवली

बाबा २०२१मध्ये गेले. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर. तेराव्यानंतर सेक्रेटरीबाई आल्या, मला वाटलं मेंटेनन्स मागायला. त्यांनी पिशवीतून बाबांचा नॉमिनेशन फॉर्म काढला. तीन प्रतींत भरायचा म्हणून बाबा कुरकुरत होते आणि या बाईंनी मागे लागून तो भरून घेतला होता. शेअर सर्टिफिकेट आणि मृत्यूच्या दाखल्याबरोबर कोणता अर्ज जोडायचा ते त्यांनी आईला कागदावर लिहून दिलं. जाताना मला बाजूला घेऊन बजावलं, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारस म्हणून तुमचा भावंडांचाही हक्क राहतो, तेव्हा आपसात आधीच बोलून घ्या.

फॉर्म सोसायटीचा, परत द्यायचा होता. बाबांचं अक्षर म्हणून आईने तीन दिवस ठेवून घेतला. बाईंनी मागितला नाही.

धागाकर्ता

हे वाचून आत्ताच आमच्या सेक्रेटरींना मेसेज टाकला, नॉमिनेशनचा कोरा फॉर्म मिळेल का? उत्तर आलं, "मिळेल. पण आधी तुमची गाडी माझ्या जागेवरून काढा."